२५ ठोके, काळी माती आणि यूपीव्ही मशीन

रस्त्याच्या भरावाला माती चालणार की नाही, हे आमच्या इंदूरकडे पुष्कळदा दोन आकड्यांवर अडतं. लिक्विड लिमिट (माती ओघळायला लागते तेव्हाची पाण्याची टक्केवारी) आणि प्लास्टिसिटी इंडेक्स (माती वळता येते तेवढा पाण्याचा पट्टा) ठरलेल्या मर्यादांच्या वर असलेली चिकणमाती भरावात टाकू नये, असं रस्ते मंत्रालयाचं स्पेसिफिकेशन सांगतं. माळव्याची काळी माती नेमकी याच उंबरठ्यावर घुटमळणारी. त्यामुळे दोन-चार टक्के इकडचे तिकडे झाले की कुणाचे तरी डंपर उभे राहतात. ठेकेदार सकाळी पोतं आणून टाकतो आणि संध्याकाळी फोन करतो. त्याला सांगावं लागतं की माती आधी वाळवायची, कुटायची, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढायची, पाणी घालून रात्रभर मुरवायची, मग टेस्ट, मग २४ तास ओव्हन. सगळं ऐकून घेऊन तो म्हणतो, "मॅडम, मिट्टी ही तो है."

मी एका मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये आहे, आणि नोकरी सांभाळूनच एम.टेक. केलं. थिसिसचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, "अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटीवरून मातीच्या कन्सिस्टन्सी लिमिट्सचा, म्हणजे लिक्विड आणि प्लास्टिक लिमिटचा, अंदाज लागतो का, बघ." बाहेरच्या देशांत चिकणमातीवर अल्ट्रासॉनिकचं काम झालेलं आहे, आपल्या काळ्या मातीवर करून बघायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं. मला विषय पटला त्याचं खरं कारण इतकं उदात्त नव्हतं. अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, म्हणजे यूपीव्ही, मोजायची मशीन लॅबमध्ये आयती होती.

ही मशीन मुळात काँक्रीटची. ५४ किलोहर्ट्झचे दोन प्रोब. एक आवाज सोडतो, दुसरा पकडतो, आणि मधल्या प्रवासाला किती मायक्रोसेकंद लागले ते पडद्यावर येतं. अंतराला वेळेनं भागलं की वेग. काँक्रीटमध्ये पुढचंही सोपं आहे. आयएस १३३११ या भारतीय मानकाच्या १९९२ च्या, २०१८ पर्यंत चाललेल्या कोष्टकात सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर वेग म्हणजे उत्तम, तीनच्या खाली म्हणजे शंकास्पद असायचा. कॉलमला ग्रीस लावा, प्रोब दाबा, आकडा लिहा, पुढच्या कॉलमकडे चला. मातीला असं कोष्टक नाही.

या लिमिट्स आल्या कुठून? स्वीडनचा आल्बर्ट ॲटरबर्ग हा रसायनशास्त्रज्ञ, शेतीच्या मातीवर काम करणारा. १९११ मध्ये त्यानं मांडलं की चिकणमातीत पाणी वाढवत नेलं तर ती आधी ठिसूळ, मग वळता येण्याजोगी आणि शेवटी ओघळणारी होते, आणि या अवस्थांच्या सीमा पाण्याच्या टक्केवारीत सांगता येतात. तो वाटी हातावरच आपटून बघायचा. पुढे आर्थर कॅसाग्रांडेनं त्याला यंत्राची शिस्त लावली, १९३२ मध्ये. पितळी वाटी, १० मिलिमीटर उंचीवरून कडक रबराच्या पायावर पडणारी, सेकंदाला दोन फेरे. वाटीतल्या मातीत मधोमध चर पाडायचा. २५ ठोक्यांत तो १२ मिलिमीटर लांबीपर्यंत मिटला, तर त्या मातीत जेवढं पाणी असेल ते लिक्विड लिमिट. प्लास्टिक लिमिटला तर यंत्रही नाही. काचेवर मातीची वळी वळायची, आणि ३ मिलिमीटर जाडीला ती तुटायला लागली की तिच्यातलं पाणी मोजायचं. दोन्हींतलं अंतर म्हणजे प्लास्टिसिटी इंडेक्स.

२५ ठोके हा माणसांनी आपसांत ठरवलेला आकडा आहे, पण त्याखाली थोडा पक्का खडक आहे. लिक्विड लिमिटला बहुतेक चिकणमातींची शिअर स्ट्रेंग्थ (सरकवणाऱ्या जोराला माती करते तो विरोध) २ किलोपास्कलच्या आसपास निघते, आणि प्लास्टिक लिमिटला ती साधारण १०० पट धरतात. ताकद एवढी बदलते तर कडकपणाही बदलणार, आणि आवाजाचा वेग कडकपणावरच चालतो. माझा थिसिस या तर्काच्या भरवशावर उभा होता.

तुलना करायला आधी जुन्या पद्धतीची उत्तरं हवीत. आमच्याकडे प्लास्टिक लिमिट काका करतात. नारायणबागेत राहतात, निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी मालक त्यांना सोडत नाहीत. त्यांचं काम बघत बसावं असं असतं. ओल्या मातीचा गोळा आधी तळव्यांत फिरवून तिचं जादा पाणी घालवतात. मग बोराएवढा तुकडा काचेवर ठेवून बोटं पुढे-मागे, न दाबता. लग्नघरात बायका गव्हले वळतात तसा नुसता बोटांचा भार. वळी बारीक झाली की शेजारी ठेवलेल्या ३ मिलिमीटरच्या सळईला लावून बघतात, मोडतात, गोळा करून परत वळतात. दर फेरीला हाताच्या उबेनं थोडं पाणी उडतं. शेवटी वळीच्या अंगावर आडव्या केसभर चिरा उमटतात, आणि पुढच्या फेरीत ती तुकड्या-तुकड्यांनी सुटते. काका लगेच तुकडे डबीत टाकून झाकण लावतात. तीच माती मी वळली की माझं उत्तर त्यांच्यापेक्षा दोन-तीन टक्क्यांनी वेगळं येतं. "तू दाबतेस," एवढंच म्हणतात.

यूपीव्हीचं ऐकल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "माती तुटायला लागली, हे मशीनला कोण सांगणार?"

माती गोळा करणं हा भाग मजेचा होता. देपालपूरकडच्या शेतातली गडद काळी, तिच्याखालची पिवळी, राऊजवळच्या एका खोदकामातली मुरमाड. बेसॉल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे पाण्यानं फुगणारं खनिज भरपूर, म्हणून ती पावसात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून बसते. जोडीला बाजारातलं केओलिन, म्हणजे पांढरी चिकणमाती, आणलं, आणि काळ्या मातीत वाळू मिसळून मधल्या प्रतीही केल्या, म्हणजे लिक्विड लिमिट तिशीपासून सत्तरीपर्यंत पसरलेलं मिळेल. पाणी डिस्टिल्डच. नर्मदेच्या नळाचं पाणी प्यायला कितीही गोड लागो, त्यातले क्षार माँटमोरिलोनाइटच्या वागण्यात लुडबूड करतात.

नमुना भरायचा मोल्ड कशाचा घ्यायचा इथे पहिला पेच पडला. लॅबमध्ये स्टीलचे मोल्ड ढिगानं पडलेले. पण स्टीलमध्ये आवाज सेकंदाला ५,९०० मीटरच्या आसपास पळतो, ॲक्रिलिकमध्ये २,७०० च्या, आणि दाबून बसवलेल्या ओलसर मातीत जेमतेम काहीशे ते हजार-बाराशे. प्रोब मोल्डच्या कडेला टेकला तर आवाज भिंतीतून धावत आधी पोचणार, आणि मशीन आधी पोचणाऱ्यालाच मोजते. म्हणून माती भरायच्या आधी ५० मिलिमीटर लांबीची ॲक्रिलिकची रिकामीच रिंग घेऊन तिला दोन्ही बाजूंनी प्रोब लावले. आत निव्वळ हवा, आणि पडद्यावर खुशाल १८-१९ मायक्रोसेकंद. आत काळी माती असो की केओलिन, हेच उत्तर आलं असतं, आणि ते इतकं स्थिर असतं की शंकाही आली नसती. शेवटी रिंगेचा आतला व्यास प्रोबपेक्षा मोठा घेतला, आतून फोमची पट्टी चिकटवली, आणि प्रोब रिंगेला शिवणारच नाही अशी लाकडी बैठक मल्हारगंजातल्या एका सुताराकडून करून घेतली. घट्ट नमुने तर मोल्डमधून बाहेर काढून उघडेच मोजले. सुताराला शेवटपर्यंत वाटत होतं की ही शेवयांच्या पाटाची नवी तऱ्हा आहे.

दुसरा पेच जास्त चोरटा. एकाच नमुन्याची लागोपाठ रीडिंग घेतली की कधी ६२ मायक्रोसेकंद यायचे, कधी ८०-८१. मधलं काही नाहीच. काकांच्या मते वायर सैल होती. वायर बदलली, तरी तेच. वहीतले आकडे एकाखाली एक मांडले तेव्हा दिसलं की उडी दर वेळी साडेअठराच्या आसपास आहे. ५४ किलोहर्ट्झ म्हणजे एका लाटेला बरोबर साडेअठरा मायक्रोसेकंद. चिकणमाती आवाज इतका गिळते की पहिली लाट मशीनच्या पकडीपर्यंत पोचतच नाही. मग ती दुसरीलाच पहिली समजून वेळ लावते. एवढ्यानं काय होतं? ५० मिलिमीटरला ६२ मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाला ८०० मीटर, साडेऐंशी म्हणजे ६२०. एका लाटेच्या चुकामुकीत काळी माती प्लास्टिक लिमिटच्या या बाजूची त्या बाजूला जाते.

कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडून ऑसिलोस्कोप, म्हणजे लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र, मागून आणला. पडद्यावर मोठ्या डोंगराच्या आधी एक लहानसा उंचवटा असतो, नीट बघितलं नाही तर वायरची खरखर वाटावी असा. तोच खरा पहिला. तिथे डोळ्यानं बघून कर्सर लावायचा. हे ऐकून काका फार खूश झाले. "म्हणजे तुझ्या मशीनलाही कुणीतरी हात धरून शिकवावंच लागतं." यावर मी काय बोलणार? वळी कुठे तुटली आणि लाट कुठे उठली, दोन्हीकडे माणूसच ठरवणार होता.

प्रोब आणि माती यांच्यामध्ये काय लावायचं, नमुना मोजेपर्यंत त्याचं पाणी उडू नये म्हणून काय करायचं, उन्हाळ्यात कूलर चालू ठेवायचा की बंद, हे सगळं करत गेलं की जमत जातं. पातळ प्लास्टिकची फिल्म आणि तिच्यावर ग्रीसचा बोट फिरवल्याइतका थर, एवढ्यावर माझं काम भागलं. त्यावर थिसिसमध्ये अख्खं प्रकरण आहे, इथे नको.

खरी गंमत लिक्विड लिमिटजवळ झाली. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटर, हवेत ३४०. दोन्ही मिसळले तर वेग मधे कुठेतरी असावा असं कुणालाही वाटेल. पण पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे विखुरलेले असले तर वेग हवेतल्यापेक्षाही खाली जाऊ शकतो, कारण मिश्रणाचं वजन पाण्याचं राहतं आणि दबणं मात्र हवेसारखं होतं. पाण्यात घोटलेल्या मातीची माझी लेई याच सापळ्यात सापडली होती. स्पॅच्युलानं घोटताना हवा शिरतेच. तशीच रिंगेत भरली की सिग्नल जवळजवळ गायब. तीच लेई व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवून हवा काढली की वेग थेट १,५०० कडे. माती तीच, पाणी तेवढंच, म्हणजे लिक्विड लिमिटशी तिचं नातं तसूभरही बदललेलं नाही, आणि मशीन दोन टोकांची उत्तरं देते.

बरं, हवा काढलेल्या लेईवरच सगळी मापं घ्यावीत म्हटलं, तर तिथे दुसरं दुखणं. पाणी पाच टक्क्यांनी वाढवलं तर कॅसाग्रांडेच्या वाटीत ठोके ३५ वरून २० च्या खाली येतात. वेग मात्र जागचा हलत नाही, कारण आवाज आता मातीला विचारतच नाही, पाण्यातून निघून जातो. या टोकाला शिअर वेव्ह, म्हणजे कणांना आडवं हलवत जाणारी लाट, हवी. ती पाण्यातून जाऊ शकत नाही, मातीच्या कणांच्या सांगाड्यातूनच जावं लागतं. त्यासाठी बेंडर एलिमेंट (मातीत खुपसायच्या, वाकणाऱ्या छोट्या पट्ट्या) लागतात आणि ते आमच्याकडे नव्हते. त्यामुळे लिक्विड लिमिट थेट वेगावरून वाचायचं, हा भाग मी थिसिसमधून काढूनच टाकला. सरांना तो ठेवायचा होता, नकारार्थी निष्कर्ष म्हणून. शेवटी परिशिष्टात गेला.

प्लास्टिक लिमिटच्या बाजूला चित्र आशेचं होतं. ठरलेल्या वजनाची ठोकणी ठरलेल्या उंचीवरून ठरलेल्या वेळा टाकून नमुने केले, कोरड्याकडून ओल्याकडे. पाणी वाढवत नेलं की वेग आधी थोडा चढायचा, एका जागी टेकायचा आणि मग उतरणीला लागायचा. हा गुडघा काळ्या मातीत काकांच्या प्लास्टिक लिमिटच्या अगदी शेजारी येऊन बसला. केओलिनमध्येही तेच. ग्राफ घेऊन मी मोठ्या ऐटीत सरांकडे गेले.

सरांनी ग्राफ पाहिला आणि विचारलं, "हा गुडघा प्लास्टिक लिमिटचा, की प्रॉक्टरचा?"

प्रश्न बिनतोड होता. माती ठोकून बसवायच्या प्रॉक्टर टेस्टमध्ये ती ज्या पाण्याला सगळ्यात दाट बसते ते ऑप्टिमम मॉइश्चर चिकणमातीत बहुधा प्लास्टिक लिमिटच्या आसपासच, किंचित खाली असतं. माती दाट, म्हणून वेग जास्त. त्यापुढे पाणी वाढलं की माती सैल आणि मऊ, म्हणून वेग कमी. प्लास्टिक लिमिटचा यात संबंध असेलही आणि नसेलही. वेगळं कसं करायचं? ठोके वाढवायचे. जास्त ठोकलेल्या मातीचं ऑप्टिमम कोरड्या बाजूला सरकतं, हे प्रॉक्टर करणारा कुणीही सांगेल. प्लास्टिक लिमिट मात्र काचेवर ठरते, तिला ठोकणीशी देणंघेणं नाही. सगळी मालिका जास्त ठोक्यांनी परत केली. गुडघा सरकला. जेवढा ऑप्टिमम सरकला, साधारण तेवढाच.

थिसिसमधला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, तोंडी परीक्षेत त्यावर कुणी फारसं बोललं नाही तरी. लिक्विड आणि प्लास्टिक लिमिट माती मोडून, कालवून, तिची आधीची रचना पुसून काढतात. आवाजाला ती रचनाच लागते: कण किती दाट बसले आहेत, मधे हवा किती, ओलसर मातीला आतून घट्ट धरणारी पाण्याची ओढ किती. गुडघ्यावर बोट ठेवून "ही प्लास्टिक लिमिट" असं म्हणणारा ग्राफ कुणी दाखवला तर मी आधी विचारीन, ठोके किती टाकले होते?

तरी हाती काहीच लागलं नाही असं नाही. ठोकणी, ठोके, नमुन्याची लांबी, मुरवण्याचा वेळ, सगळं बांधून घेतलं तर गुडघ्यानंतरची उतरण मातीगणिक वेगळी येते. काळी माती सावकाश उतरते, वाळू मिसळलेली झपकन. तर्कही बसतो. प्लास्टिक लिमिटपासून लिक्विड लिमिटपर्यंत ताकद १०० पट उतरायची असते. काळ्या मातीला त्यासाठी ३५-४० टक्के पाण्याची ऐसपैस जागा आहे, वाळूमिश्रित मातीला तेवढंच १०-१२ टक्क्यांत उरकायचं असतं. म्हणजे उतरणीच्या तीव्रतेवरून प्लास्टिसिटी इंडेक्सचा अंदाज बांधता येतो, तोही माझ्या ठोकणीपुरता आणि माळव्याच्या मातीपुरता. माती मर्यादेच्या आत की किंचित बाहेर, असल्या भांडणात तो अंदाज साक्षीला उभा करता येणार नाही. लेई वाळवून, कोरड्या वडीत वेग मोजायचाही घाट घातला होता, पण काळी माती वाळताना तडकते आणि आवाज तडा चुकवत फिरत बसतो. तो नाद सोडला.

वेळ वाचतो का? सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. वेग मोजायला मिनिटभर पुरतं. पण तो ज्या पाण्याच्या टक्केवारीसमोर मांडायचा, ती टक्केवारी १०५ ते ११० अंशांच्या ओव्हनमधूनच येते, आणि ओव्हनला घाई नसते.

सध्या लॅबमध्ये लिक्विड लिमिट आम्ही शक्यतो कोनवर करतो. ८० ग्रॅमचा कोन ५ सेकंदांत २० मिलिमीटर घुसला की झालं. वाटीपेक्षा माणसामाणसांत फरक कमी पडतो. प्लास्टिक लिमिट काकांचीच. यूपीव्हीचा उपयोग एका ठिकाणी सापडला. एकाच खाणीतून रोज माती येत असेल, तिची पूर्ण टेस्ट एकदा झालेली असेल, तर रोजच्या पोत्यातून ठरलेल्या पाण्याचा एक नमुना ठोकून वेग बघायचा. कालच्या रेषेवर बसला तर माती बहुतेक तीच. नाही बसला तर काळ्याखालची पिवळी लागलेली असते किंवा मुरूम मिसळलेला असतो, आणि ते पोतं पूर्ण टेस्टला जातं. हा आकडा वहीतच राहतो. रिपोर्ट आयएस २७२० या माती तपासायच्या मानकाच्या पाचव्या भागाप्रमाणे निघतो, आणि त्यात वेगाला रकाना नाही.